कमरेचा पट्टा

ठमे,

मी एकटीच जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातेय. आल्यावर हवं तेवढं ओरड. खुबा मोडून तीन महिने झाले, तरी फिजिओथेरपीच्या बाईंनी कमरेचा पट्टा मागून धरल्याशिवाय माझं पाऊल खालच्या पायरीवर पडत नाही. काल त्या म्हणाल्या, "मावशी, आठवडा झाला, मी पट्टा धरतच नाहीये." ऐकल्यापासून दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले. आज नाही उतरले तर कधीच उतरायची नाही. उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, पाठ आहे मला. गॅस बंद केलाय. बारापर्यंत आले नाही तर आधी जिन्यात बघ. पट्टा मात्र बांधूनच निघालेय, मागे धरायला कोणी नसलं तरी.

आई