गाडी काहून सुरू झाली नाई

बाबा,

आईले घेऊन शेजारच्या पियुषच्या ऑटोनं अमरावतीले चाललो. आज तिच्या डायलिसिसचा दिवस, अन् आपली गाडी सुरूच झाली नाई. पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घ्या.

चाबी फिरवली की नुसतं टकटक होये. पेट्रोल पाहिलं, फ्यूज पाहिले, बॅटरीच्या टोकावर गरम पाणी टाकलं. पियुषनं अन् मी मारुतीच्या देवळापर्यंत धक्का मारला. आई पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. काहून रे चालू नाई होत, असं सारखं इचारे.

मंग बॅटरीवर वल्ली काळी माती दिसली. तवा समजलं. तुमी रोज रात्री हीच बॅटरी काढून वावरात कुंपणाच्या झटका मशीनले लावता अन् पायटे उतरलेली तशीच गाडीत परत बसवता. मले वाटे, रोह्यायचा कळप हाकलाले तुमी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी नेता.

आई म्हणे, बाबाले काई बोलू नको, हरभरा घाट्यावर आला आहे. मी बोलून नाई राहिलो. रोही एका रात्रीत सारं वावर साफ करते, हे मले बी माहीत आहे. बॅटरी नेऊ नका, असं कोण्या तोंडानं म्हणू?

फक्त एक सांगून ठेवा. रात्री आईले धाप लागली, तर मी तिच्यापाशी बसू का बॅटरी आणाले वावरात पळू?

श्याम