पहिली पुरी

चि. परमेश्वर,

आपण गाडीवाले. बाबांचा जन्म याच पाणीपुरीच्या गाडीवर गेला, म्हणून मी अजूनही ‘आपण’ म्हणते. गावात कुणाचं पोट बिघडलं की बोट आधी गाडीकडेच जातं. मोठ्या हॉटेलच्या मोरीत कुणी डोकावत नाही, आपली घागर मात्र लाथेनं उलटवतात. गेवराईच्या मोर्चात मी हेच कडाडले होते: आधी तुमच्या नळाचं पाणी तपासा, मग आमच्या भावांचे हात बघा! तू गर्दीत शिट्ट्या मारत होतास.

त्यांनी नळाचं पाणी तपासलं. चांगलं निघालं.

तू माझा फोन कापतोस, म्हणून हे पत्र पप्पू रिक्षावाल्याच्या हाती पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच.

धंद्याला बसण्याआधी पहिली पुरी घरातल्या लेकराला भरवायची, मगच भवानी. बाबांची ही रीत तू मोडली नाहीस. आष्टीच्या बाजाराला सासुरवाडीत उतरलास, मेहुण्याच्या पोरीला भरवलीस. गेवराईत मावशीच्या नातवाला. मग माझ्या आरोहीला. तू असताना कुणालाच काही झालं नाही. तू गाडी घेऊन पुढच्या गावाला गेलास की मागं ते लेकरू तापानं फणफणायचं, मग गल्लीतली गिऱ्हाइकं. मुदतीचा ताप, टायफॉइड. जणू कुणीतरी तुझ्याबरोबर गाडीवर बसून येतं आणि तू निघालास की मागं थांबतं.

आई तुझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवते. ‘काय लागलंय गं ह्याच्या मागं? समदे पडत्यात, अन् हा एकटाच ठणठणीत हाय!’ मी तेव्हा हसले. आता त्याच वाक्याची भीती वाटते.

तुझी गाडी मी स्वतः घासली होती. पिंप नवं आणलं, पाणी उकळून भरलं. तू म्हणालास, ‘ताई, तू लई वाचतीस, म्हणून तुला पुरीतबी भूत दिसतंय.’ आणि कोपरापर्यंत हात घागरीत बुडवून आरोहीला पुरी भरवलीस. सगळं धुतलं होतं रे. तो हात राहिला.

आरोहीच्या डॉक्टरांना मी कोण कोण आजारी पडलं ते सांगत होते. ते मधेच म्हणाले, ‘जो पडला नाही, त्याचं नाव सांगा.’ लहानपणी तुला हाच ताप आला होता. आपल्याला वाटलं, गेला. काहींच्या बाबतीत तो जात नाही, पोटात मुक्काम करतो. माणूस हसतो, जेवतो, धंदा करतो, आणि संडासाहून आलेल्या हातानं तो ताप लोकांना वाटत फिरतो. बाजारात ना संडास, ना हात धुवायला नळ. हे पाप नगरपालिकेचं आहे. त्यासाठी मी पुन्हा चौकात उभी राहीन. पण तुझ्या पोटातला ताप माझ्या भाषणानं निघणार नाही. औषधानं बहुतेक वेळा निघतो.

आरोही आता उठून बसते. काल तिनंच सांगितलं, ‘मामा म्हणलाय, कपिलधारच्या यात्रेत पहिली पुरी राजनंदिनीला.’ तुझी लेक नुकती पावलं टाकायला लागली आहे, परमेश्वर. म्हणून हे पत्र. यात्रेला गाडी नेऊ नकोस. पप्पू दारात थांबला आहे. गाडीला कुलूप घाल, त्याच्याच रिक्षात बस आणि बीडला येऊन तपासणी दे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
मोहिनीताई