सुलूमावशीला मी खोटं सांगितलं

आई,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. रडून झालं, आता राग आलाय. म्हणून लिहितेय.

पेपरात तुझी बातमी देताना मी तुझं माहेरचं नावही घातलं होतं. ते वाचून तेराव्याला ठाकुर्लीहून एक बाई आल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई तुमच्या आईच्या मैत्रीण. सुलू. त्यांना तुम्हाला भेटायचंय." तुझ्या तोंडून हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

गेले मी. एका कानाने ठार बहिरी म्हातारी, पण आठवण लख्ख.

बेचाळीस साली तुम्ही दोघी कल्याणच्या यार्डात कोळसा वेचायच्या निमित्ताने शिरायचात म्हणे. इंग्रजांच्या फौजेचं सामान घेऊन निघालेल्या मालगाड्या तिथे उभ्या असायच्या. तुमच्या ओच्यात वाळू. चाकाजवळच्या तेलाच्या पेटीचं झाकण उचलायचं, मूठभर वाळू टाकायची, पुढच्या डब्याकडे जायचं. काही मैलांवर चाक तापायचं आणि गाडी अडायची. आई, तू? रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरणारी तू?

शाळेत असताना मी बेचाळीसच्या चळवळीवरच्या निबंधासाठी तुला विचारलं, तर म्हणाली होतीस, "आम्ही लहान होतो गं. आमच्याकडे काही झालं नाही."

एका दुपारी शिपाई आला. तू आधी पाहिलंस आणि पळालीस, हाकही न मारता. डब्याखालून सुलूमावशीला तुझे पळते पाय तेवढे दिसले. चौकीत तिला इतकं मारलं की कान गेला. तुझं नाव तिने सांगितलं नाही.

पळालीस याचा राग नाही. चौदा वर्षांची होतीस, मीही पळाले असते. पण नंतर? तू लग्न होऊन डोंबिवलीत आलीस, ती ठाकुर्लीत; तिच्या लग्नाची पत्रिका तुझ्या माहेरी आली होती म्हणे. एक स्टेशन, आई. उभ्या जन्मात तुला एकदा जाता आलं नाही? लाज वाटत होती तर मला सांगायचंस. मी नेलं असतं तुला.

निघताना तिने विचारलं, "ती माझं नाव काढायची का गं?"

"नेहमी," मी म्हणाले.

ती सुनेला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" मग मला तिथे थांबवेना. तुझ्यामुळे खोटं बोलले मी, तेही तिच्याशी.

रविवारी पुन्हा जाणार आहे. खरं सांगेन आणि तुझ्या वतीने माफी मागेन. तिने हाकललं, तर त्याच्या पुढच्या रविवारी परत जाईन.

तुझ्यावर रुसलेली,
मंदा