थंड तेल खालीच दिसतं

आई,

काल भाच्याच्या मुलीने मला तिच्या नव्या गाडीतून फिरवून आणलं. गाडीला क्लच नाही. "आजी, डाव्या पायाला काही कामच नाही बघ," असं मोठ्या कौतुकाने सांगत होती. मी म्हटलं, अशी गाडी मी तुझा बाप जन्मायच्या आधी आमच्या गावी, डोणगावाकडे, पाहिली आहे. तिला ते खरं वाटलं नाही. मग मी विचारलं, गिअरचं तेल कसं बघतेस? तर म्हणाली, ते बघायचं नसतंच, आत बंद केलेलं असतं, बाहेरून कळायची सोयच नाही. ती बोलत राहिली आणि मला तू दिसायला लागलीस, गाडीच्या पुढच्या सीटवर वाकलेली, पदर दातात धरून.

आबांचा डावा पाय विहिरीच्या बांधकामावर पडल्यापासून गुडघ्यात वाकत नव्हता. मोटार चालवायची हौस मात्र गेली नव्हती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, जमिनीच्या कामांसाठी आबांना नागपूरला जावं लागे, आणि तिथेच कुणीतरी त्यांना सांगितलं की अमेरिकेत आता एकाच पायाने चालणाऱ्या गाड्या निघाल्यात. पुढे तसलीच एक वापरलेली गाडी मुंबईच्या एका कापूस दलालाकडून त्यांनी घेतली. ती दारात आली तेव्हा निम्मं गाव पाहायला लोटलं होतं. आपण दोघींनी ती माजघराच्या खिडकीतून पाहिली. आपल्या घरच्या बायका अंगणाच्या दाराबाहेर पाऊल टाकत नसत.

त्या गाडीच्या गिअरचं तेल बघायची पट्टी पुढच्या सीटच्या पायाशी होती, चटईखालच्या झाकणात. आबांना वाकता येत नव्हतं आणि गड्यांचा हात गाडीला लागलेला त्यांना चालत नसे. म्हणून बायकोला, म्हणजे तुला, बोलावलं. खामगावचे म्हातारे मिस्त्रीचाचा तुला समजावून सांगत होते आणि तू खाली मान घालून ऐकत होतीस. "बाई, इंजिन चालू पाहिजे. गेर न्यूट्रलवर. अन् गाडी आधी फिरवून आणाची, तेल गरम झालं पाहिजे. थंडं तेल खालीच दिसते. गरम झालं का वर चढते. खुणेच्या खाली असलं त चालवू नका, गेर जळून जातीन." आबा तेवढ्यात कुणाशी तरी बोलायला वळले होते. त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

मग तो रोजचा नेम झाला. संध्याकाळी आबा शेतावरून परत येत, गाडी अंगणात घेत, इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवत. तू हातातलं काम टाकून बाहेर येतेस. सीटवर बसतेस, चटई सारतेस, झाकण काढतेस. पट्टी ओढून फडक्याने पुसतेस, पुन्हा तळापर्यंत घालतेस, पुन्हा ओढतेस आणि उजेडाकडे धरतेस. "बरोबर हाये," म्हणतेस. आबा इंजिन बंद करतात. काम झालेलं असतं, पण तू लगेच उतरत नाहीस. समोरच्या काचेतून उघड्या फाटकाकडे, फाटकापलीकडच्या रस्त्याकडे बघत बसतेस. मग आबा खाकरतात आणि तू उतरतेस. वर्षातून एकदा-दोनदा त्याच गाडीतून, पडदे ओढून, तुला खामगावला माहेरी नेत. तेवढंच तुझं बाहेर जाणं.

मी तेरा वर्षांची झाले आणि शेगावच्या एका घराकडून मागणी आली. मोठी शेती, पेठेत दुकान. शेगावला दर्शनाच्या निमित्ताने जायचं, तिथेच मुलगी दाखवायची, पसंत पडली तर तिथल्या तिथे सुपारी फोडायची, असं आबांनी ठरवलं. मला जांभळं लुगडं आणलं. तू मला ते नेसवून पाहिलंस, निऱ्या घालताना तुझे हात थांबले, मग तू त्या पहिल्यापासून घालायला घेतल्यास. मला वाटलं, तुला आनंद झालाय.

माघातली सकाळ होती, अंगणातल्या रांजणाला हात लावता येऊ नये इतका गारठा. डबे बांधून झाले होते. आबा गाडीत बसले आणि तू फाटकाकडे न बघता त्यांच्या खिडकीशी गेलीस.

"निंघाच्या आधी तेल पाहून घेतो मी."

"काल सांजचं त पाह्यलं."

"काल लांब जाचं नव्हतं."

आबांनी इंजिन चालू केलं. तू लगेच आत बसलीस, चटई सारलीस, पट्टी पुसून घातलीस आणि ओढलीस. मी मागच्या सीटवर, मांडीवर फराळाचा डबा घेऊन. तू पट्टी आबांच्या डोळ्यांपुढे धरलीस.

"खाली गेलं."

आबांनी पट्टी हातात घेऊन स्वतः पाहिली. तेलाची रेघ खुणेच्या बरीच खाली होती. "काल त बरोबर होतं."

"काल होतं. आज तुमीच पाहा."

"मिस्त्रीनं का सांगतलं होतं?"

"खुणेच्या खाली असलं त चालवू नका म्हणून."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. आबांनी इंजिन बंद केलं. ते तेल मुंबईहून यायचं, रेल्वेने खामगावला, मग तिथून मोटारीने. शेगाववाल्यांच्या दारात भाड्याच्या सर्व्हिस मोटारीतून उतरणं आबांना मान्य नव्हतं, कारण गाडीची गोष्ट त्यांनीच आधी सांगून ठेवली होती. मेहकरला माणूस धाडून तार केली, की येणं लांबलं. मी डबा तिथेच टाकून माजघरात जाऊन रडले. तू माझ्यामागे आली नाहीस. शेगावहून निरोप आला तो असा: निघतानाच खोळंबा झाला हे काही चांगलं लक्षण नाही, आम्ही दुसरीकडे पाहतो आहोत.

मिस्त्रीचाचा तेलाचा डबा घेऊन आले तेव्हा त्या घरची सुपारी दुसऱ्या मुलीशी फुटलेली होती. चाचांनी आधी गाडी गावाबाहेर फिरवून आणली, अंगणात उभी केली, इंजिन चालू ठेवून पट्टी ओढली. आपण दोघी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होतो. तू माझं मनगट धरलं होतंस.

"तेल त बरोबर हाये, मालक. कोनं सांगतलं कमी म्हणून?"

आबांनी चहा पाजता पाजता चाचांकडून थंड-गरम तेलाचं समजून घेतलं, त्यांना वाटेला लावलं आणि मग ते काठी टेकत आत आले. मी भिंतीला चिकटले.

"थंड्या तेलाचं तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन केलं?"

तू चुलीकडे पाहत होतीस. "मी हिच्याच वयाची असताना या घरात आली. तवापासून हे दारच पाहून राह्यली."

आबांनी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, "पोरगी मामाच्या घरी जाईन. शिकाचं असन त थितं शिकन, माह्या डोयापुढं नको. अन् तू आजपासून त्या गाडीले हात लावाचा नाही. बसाचंबी नाही."

मला वाटतं, दोन्ही शिक्षा एकाच दमात सुनावल्या तेव्हा त्यातली एक शिक्षा नाही हे त्यांना कळलं नसावं. तुला मात्र ते ताबडतोब कळलं. तुझा हात माझ्या मनगटावर होता, तो सैल झाला.

मी खामगावला गेले. आबांनी पगारी ड्रायव्हर ठेवला. मी सुट्टीत घरी येत असे तेव्हा संध्याकाळी अंगणात हॉर्न वाजला की तू अजूनही हातातलं काम थांबवायचीस, क्षणभर, आणि मग पुन्हा सुरू करायचीस. माहेरी जाणंही बंद झालं, मामाच वर्षातून एकदा येऊन भेटून जाई. तू मला शाळेचं फारसं विचारलं नाहीस. एकदा भाकरी थापताना विचारलंस, "तुह्या खोलीले खिडकी हाये का?" मी म्हटलं, आहे. "कोन्या बाजूनं?" रस्त्याच्या, म्हटलं. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "बरं."

आबा गेले, गाडी विकली गेली, फाटकाला कुणी कडीही घालेना. मी अकोल्याला शिक्षिका झाले होते, भाड्याचं का होईना माझं घर होतं. तुला न्यायला आले. तू पिशवी भरलीस, दोन लुगडी, देवाचा टाक. मोटार यायला वेळ होता म्हणून आपण ओट्यावर बसलो. मोटार आली, ड्रायव्हरने हाक मारली, आणि तू उठली नाहीस. "तू जाय माय," म्हणालीस, "मी पुढच्या खेपेले येतो." मी पुढच्या खेपेला आले, त्याच्या पुढच्याही. तू पिशवी भरायचीस आणि तीच पिशवी माझ्यादेखत रिकामी करायचीस. फाटक उघडं असायचं. मला तेव्हा राग यायचा. आता माझे गुडघे दुखतात, दिवस-दिवस मीही या खोलीबाहेर पडत नाही, आणि त्या उघड्या फाटकाची तुला किती भीती वाटली असेल ते थोडंथोडं समजतं.

हे पाठवायला कुठलं टपाल नाही. लिहून झालं की फाडून टाकीन, भाच्याच्या पोरीच्या हाती लागलं तर ती रडेल. पण एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. माघातल्या त्या सकाळी मी रडले, ते घाबरून नव्हे. मला जायचं होतं. लुगडं, पेठेतलं घर, लोक बघायला येणार, सगळं मला हवं होतं. तू पट्टी उचलण्याआधी मागे वळून मला विचारलं असतंस ना आई, तर मी त्या लग्नाला हो म्हटलं असतं.