दोन दवाखान्यांच्या मधला भाचा

तीर्थरूप मामांस,

तुमच्या लाडक्या (असं मी म्हणतो, तुम्ही म्हणत नाही) भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा खोकला, मामींची कंबर आणि त्या दोन्हींवरून घरात होणारी भांडणं, सगळं ठीक असेलच. मी खुशाल आहे. डावा पाय तेवढा खुशाल नाही, त्याचं पुढे येईल.

कळवायचं म्हणजे मी दवाखाना बदलला. जुन्या ठिकाणी स्ट्रेचर ढकलून जीव विटला होता, शिवाय तिथल्या मोठ्या सिस्टर मला 'वारं' म्हणायच्या (एका जागी ठरत नाही म्हणून, तुम्हीही तेच म्हणता, फक्त शब्द वाईट वापरता). नव्या दवाखान्यातही काम स्ट्रेचरचंच, पण लिफ्ट मोठी. जुनी नोकरी सुटली की दुसऱ्याच दिवशी हजर व्हा म्हणाले. पण मामा, त्यांनी दिलेल्या गणवेशाची विजार अशी, की तिच्यात मी आणि एखादा पेशंट दोघंही मावलो असतो. असल्या अवतारात पहिल्या दिवशी कोण जाईल? माणूस आधी कपड्यावरून कळतो, ही तुमचीच शिकवण. म्हणून विजार शिंप्याकडे टाकली आणि दवाखान्याला सांगितलं, काही दिवस उशिरा येतो. ते लगेच हो म्हणाले. कार्यालयातलं माणूस लगेच हो म्हणालं की आपण घाबरायचं असतं, हे मला आत्ता कळलंय.

शिंपी आज देतो, उद्या देतो करत राहिला. शेवटी विजार मिळाली, ती घालूनच मी त्याच्या जिन्यावरून ऐटीत निघालो आणि शेवटच्या चार पायऱ्या एकदमच उतरलो. घोटा टम्म. जुना दवाखाना जवळ होता, तिथे गेलो. ज्या चाकाच्या खुर्चीत मी लोकांना फिरवायचो तिच्यात मला बसवलं, आणि माझ्या जागी आलेला गडी अशी वळणं घेत होता, की दुखरा पाय वाटेतल्या प्रत्येक दाराला भेटून आला. काउंटरवरच्या मॅडमनी माझं विम्याचं कार्ड बघून सांगितलं, तू आता आमचा नाहीस. नव्या दवाखान्याला फोन लावला, ते म्हणाले, तू अजून आमचा नाहीस. शेवटी मोठ्या सिस्टरनीच पाय बांधला, पट्टीबरोबर बोलणीही बांधून दिली.

लंगडत नव्या जागी रुजू झालो, तेव्हा खरी गंमत समजली. दोन्ही दवाखाने एकाच ट्रस्टचे, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आलो असतो तर जुना विमा, जुनी रजा, सगळं तसंच पुढे चाललं असतं. मध्ये खंड पडला, म्हणून आता मी कोरा. साठवलेली रजा बुडाली आणि घरच्यांचा विमा सहा महिन्यांनी. कार्यालयातल्या मॅडमनी विचारलं, मध्ये होतास कुठे? मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, विजारीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसलीये मात्र छान."

बाकी सगळं मजेत.

तुमचा (जमेल तेव्हा) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात माझ्या विम्यावर व्हायचं होतं. ते लांबलं, हे तिला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकून घेते, माझं ऐकायच्या आधीच रडते.

ता. क. दुसरा. थांबा, सांगू नका. पाकीट चिकटवतोय तोच तिचा फोन आला आणि माझ्याच तोंडून निसटलं. मला वाटलं आता रडणार. तर म्हणते, "बरं झालं रे बाळा, तुझ्या हातून एकदा तरी चांगलं काम झालं." ऑपरेशनच्या भीतीने तिची झोप उडाली होती, म्हणे. आता सहा महिन्यांनी बघू, आणि तसं तिला अगदी स्वच्छ दिसतं, हेही तीच म्हणते. म्हणून मामा, विनंती बदलली. सहा महिने झाले की तिला दंडाला धरून तुम्ही स्वतः इकडे आणा, कितीही रुसली तरी. तिला मी नव्या वॉर्डातला माझा फोटो पाठवला होता. तो बघून गहिवरली, म्हणाली, किती रे भरलास अंगाने, उंचही झालास, असाच राहा. मामा, फोटोत मी डावीकडे आहे. ती बोलत होती ते उजवीकडचं औषधांचं कपाट.