चोरट्या प्रतीत गळालेला अर्धा इंच

प्रति,
मा. ग्रंथपाल,
ई-पुस्तक विभाग, सार्वजनिक वाचनालय.

विषय : शर्टशिलाईच्या ई-पुस्तकाची मीच दिलेली चोरटी प्रत काढून अधिकृत प्रत घेण्याबाबत.
संदर्भ : ‘टॅबवरील शर्टाच्या पुस्तकातील मापे चुकीची आहेत’ ही आपल्या फलकावरील सूचना.

महोदय,

१. अर्जदार तीस वर्षे मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेल्याने स्वतःच्या चुका पाहायला त्यास सवड झाली नाही. सदर पुस्तक अर्जदाराच्या पत्नीने लिहिलेले. ती शिवणवर्ग चालवते. वाचनालयाला प्रत हवी तर ती प्रकाशकाकडून परवान्यासह घ्यावी लागते, असे तिने मला दोनदा बजावले होते. मी दोन्ही वेळा ‘हो हो’ म्हणालो.

२. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर माझा पासवर्ड तीनदा चुकला. मग मी तडक एका फुकट्या संकेतस्थळावरून पुस्तक उतरवून घेतले. त्यावर प्रकाशकाचे नाव नव्हते, आयएसबीएन नव्हता आणि पहिल्याच पानावर केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात होती. शेंबड्या पोरालाही संशय आला असता. मी जाहिरात दोनदा वाचली! नंतर ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून ‘सप्रेम भेट’ म्हणून आपल्या स्वाधीन केली आणि वर आपला चहाही प्यालो.

३. सदर चोरट्या प्रतीत ½ हे चिन्ह सगळीकडून गळालेले आहे. कॉलर साडेपंधराची पंधरा झाली. पुस्तकाबरहुकूम शिवणाऱ्या सहा सभासदांचे गळे आवळले गेले. आपल्याच चौकशी खिडकीवरच्या लिपिकांनी अशा शर्टाचे वरचे बटण लावले, तर त्यांना ‘पुढचे’ एवढेही म्हणता येईना. चोरटी प्रत लेखकाच्या पोटावर पाय देते असे ऐकून होतो. ती वाचकाचा गळाही धरते, हे मी सप्रमाण सिद्ध केले.

४. आता खरे दुखणे. आपली सूचना पत्नीने वाचली. चूक स्वतःचीच, असे ती धरून चालली आहे. जिने उभ्या आयुष्यात एक काज वाकडे केले नाही, तिने वर्ग बंद करून मुलींना घरी पाठवले. स्वतःचे पुस्तक उघडण्याचाही तिला धीर होत नाही. आपली नजर गेली, असे म्हणते. मी समोर बसून जेवतो आणि गप्प राहतो. मला माझी शरम वाटते.

काल मी रीतसर खाते उघडून अधिकृत प्रत घेतली आणि ओळीला ओळ लावून ताडली. सगळे अर्धे जागच्या जागी आहेत. तिची एकही चूक नाही.

५. सबब, चोरटी प्रत सर्व टॅबमधून पुसावी, परवान्याची प्रत घ्यावी आणि फलकावर ‘पुस्तक बरोबर, देणारा चुकीचा’ अशी दुरुस्ती ठळक अक्षरांत लावावी, ही विनंती.

६. हे सारे तिला तोंडाने सांगण्याची माझी छाती होत नाही. म्हणून हा अर्ज टपालात न टाकता तिच्या शिलाई मशीनवर उघडा ठेवत आहे. आपणांस तो मिळाल्यास, तिने तो वाचला आहे असे समजावे.

आपला (आता खरोखरच) नम्र,
(सही)
शिवणवर्गाच्या बाईंचे यजमान

दिनांक : सूचना लागल्यापासून नववा दिवस

सोबत :
१) अधिकृत प्रतीची पावती.
२) लेखिका, स्वतः आल्यास. कृपया त्यांना आधी खुर्ची द्यावी, पोच मागाहून दिली तरी चालेल.