दवाखान्याच्या पायरीतली डबी

प्रिय सुदाम,

फोनवर बोलायला गेले की माझा आवाज चढतो, आणि भिंतीपलीकडं कान देणारे हल्ली लई झालेत. म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, आबा बरे आहेत, मीही धडधाकट आहे. पण जीव थाऱ्यावर न्हाई. सुवार्ताला आठवडा झाला मी शाळेत पाठवलेलं न्हाई. तुझी लाडकी भाची घरात कोंडून कोंडून चिडचिडी झालीय, आणि काहून कोंडलं ते तिला सांगायची माझी हिंमत होईना.

गेल्या नाताळात तू ते जिओकॅशिंगचं खूळ घेऊन आलास. मोबाईलच्या नकाशावर खूण करायची, तिथं डबी लपवायची. शोधणाऱ्यानं यावं, डबीतली मिशनची गोष्ट वाचावी, नाव लिहावं आणि डबी होती तिथंच ठेवून जावी. पडक्या मिशनभर तू डब्या लपवत हिंडलास, तेव्हा रिकामटेकडे धंदे म्हणून मी हसले होते. पण खरं सांगते, मला गोड वाटलं होतं. फादर गेले, बोर्डिंग पडलं, दवाखान्याला कुलूप लागलं, आता कुणाला आठवण राहणार? अन् मग नांदेडची, परभणीची पोरंपोरी यायला लागली. दुष्काळात फादरनं ज्वारी वाटून विहीर खणून घेतली हे वाचून विहिरीत वाकून बघायची. आबांनी तर जन्मभर मिशनची घंटा वाजवलेली. धुतलेला सदरा घालून नवरदेवासारखे ओट्यावर बसायचे, येईल त्याला चहा पाजायचे आणि फादरच्या गोष्टी सांगून त्याचे कान किटवायचे.

गावाला मात्र काय दिसलं? शहरातली माणसं येतात, मोबाईलमध्ये बघत पडक्या भिंतीत हात घालतात, दगड उचलतात, कुजबुजतात आणि काही न नेता हसत निघून जातात. काही न नेता कोण जातं, बाबा? त्यात घंटेखालची डबी शेळ्या चारताना रुक्माबाईला सापडली. तुमच्या खेळाच्या रिवाजानं कुणीतरी त्यात परदेशातलं नाणं ठेवलेलं, पिवळंधमक. बाईनं ते जवळा बाजारला नेऊन सोनाराला दाखवलं. सोनार पितळ म्हणाला, पण तोवर बाजारभर झालं होतं की मिशनमध्ये गोऱ्या फादरचं गुप्तधन आहे.

मग एका सकाळी घंटेखाली कमरेइतका खड्डा दिसला. कडेला लिंबं, हळदीकुंकू, काळी बाहुली. मी ठाण्यात गेले. त्यांनी सगळं लिहून घेतलं, येऊन फोटो काढले, गस्त घालतो म्हणाले. तुझ्या बाकीच्या डब्या मी काढून आणल्या. दवाखान्याच्या पायरीतली तेवढी मिळाली न्हाई. पायरीचा दगडच उपसून टाकला होता.

त्या डबीत तू काय लिहून ठेवलंयस, आठवतं का? मला पाठ आहे. या दवाखान्यातलं शेवटचं बाळंतपण सिस्टर बेनेडिक्टांनी केलं. बाळ पायाळू, पाय आधी आलेले, तरी त्यांनी मायलेकींना वाचवलं, आणि ते बाळ म्हणजे माझी भाची सुवार्ता. तू वाचून दाखवलंस तेव्हा मी डोळ्याला पदर लावला होता. अरे, आपण दोघंही याच मातीतले, तरी एकाच्याही डोक्यात आलं न्हाई! पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाठीत उसण भरली की गल्लीतल्या बाया सुवार्ताचाच पाय लावून घेतात. ती खुदुखुदु हसत लाथ मारते आणि गुळाचा खडा खात घरी येते. आपल्याला ती गंमत वाटायची.

गेल्या आठवड्यात मोटरसायकलवर दोन माणसं आली. कधी न बघितलेली. मला ताई ताई करत होती. पोरीचं नाव घेऊन विचारलं, हीच ना दवाखान्यातली शेवटची, पायाळू? एका पूजेला तासभर बसवू द्या, पोरीचं नशीब उजळेल. मी विळा घेऊन दारात उभी राहिले तेव्हा हटली. जाता जाता मात्र एकानं शाळा कधी सुटते ते विचारलं. तेव्हापासून पोरीला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलेलं न्हाई. पोलिसांना हेही सांगितलंय, पण ते माझ्या दारात किती दिवस बसतील? आबांना म्हटलं, चला, सगळेच सुदामकडं पुण्याला जाऊ. ते घंटा सोडून हलायला तयार न्हाईत, आणि त्यांना एकटं टाकून मला येववत न्हाई.

नकाशावरच्या खुणा आजच्या आज पुसून टाक. आणि आता ऐक. हे पत्र मी पोस्टात टाकलं न्हाई. शेजारच्या जैनबबी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाल्यात. त्यांचे खाजा मिया वसमतला दोघींना एसटीत बसवून देणार आहेत. होय, दोघींना. हे पत्र ज्या पोरीनं तुझ्या हातात दिलं, तिला आधी जेवू घाल. मामाकडं सुट्टीला चालले, असं तिला वाटतंय, तसंच वाटू दे. मग हळूच तिथल्या शाळेत नाव घाल. भेंडी खात न्हाई, रागावू नको. तिच्या जन्माचं कुणी विचारलं तर चारचौघींसारखं झालं म्हण. हिचा बाप गेल्यापासून ती एक दिवस माझ्यावाचून झोपलेली न्हाई, रडेल. कितीही रडली तरी मला फोन लावून देऊ नको, सुदाम. तिचा रडका आवाज एकदा ऐकला, तर दुसऱ्या दिवशी येऊन मी तिला परत घेऊन जाईन.

तुझीच,
अक्का